हजार शालन

पेटीनं शालनला खोटं पाडलं, आणि तेही अख्ख्या गल्लीसमोर.

पेटी म्हणजे काही फार मोठं यंत्र नव्हतं. डाळीच्या डब्याएवढी, पांढरी, वर एक रबरी नळी. नळी तोंडात धरायची, तीन मिनिटं सावकाश फुंकायचं, झालं. कराडच्या भट्टी गल्लीत सकाळपासून तिच्यापुढं रांग होती. पौषातलं धुकं कृष्णेवरून उठून गल्लीत शिरलेलं, त्यात चुरमुऱ्यांच्या सात भट्ट्यांचा धूर. कोण फुंकतंय आणि कोण नुसतंच उभंय, ते दहा पावलांवरून कळत नव्हतं. शालननं फुंकलं. पेटीवर लाल दिवा लागला.

"काकू," आरोग्य खात्याची तेजस्विनी आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्ही विडी ओढता का? फॉर्मवर तर 'कधीच नाही' लिहिलंय."

"मग न्हाईच. मी कशाला ओढू?"

"पेटी म्हणतीय, ओढता."

"मग तुझ्या पेटीला म्हणावं, तोंड धुऊन ये आधी."

रांगेत हशा पिकला. शेजारच्या भट्टीवरची हसीना तर भिंतीला टेकून हसली. "शालन, चोरून ओढतीस व्हय गं? मला न्हाई कधी एक दिलीस!"

शालनही हसली असती. पण रांगेच्या बाहेर हाताची घडी घालून तिचा नवरा जालिंदर उभा होता, आणि तो हसत नव्हता.

ही पेटी करते काय, ते तेजस्विनीनं सकाळीच सगळ्यांना सांगितलं होतं. माणसाच्या एका श्वासात हजारभर तऱ्हेचे वास असतात, आपल्या नाकाला न कळणारे. धूर छातीत गेला की तो पाहुण्यासारखा येऊन जात नाही, खुणा ठेवून जातो. लाकडाच्या धुराची खूण निराळी, भाताच्या तुसाच्या धुराची निराळी, तंबाखूची तर एकदम निराळी. पेटी त्या खुणा वाचते आणि सांगते, की बाई, तुझ्या छातीत अमुक इतक्या वर्षांचा अमुक धूर आहे. तिला खोटं बोलता येत नाही. भीडभाडही ठेवता येत नाही.

हे कशासाठी, तर छातीच्या कॅन्सरसाठी. नगरपालिकेच्या शाळेसमोरच्या मैदानात फोटोची गाडी येऊन उभी होती. बारीक किरणांनी फुप्फुसाचे काप काप फोटो काढायचे, गाठ मोहरीएवढी असतानाच दिसते. पण सरसकट सगळ्यांचे फोटो काढायचे नाहीत. कुणाचे काढायचे, त्याचा नियम वर एका समितीनं लिहिलेला. समितीत बारा माणसं. बाराही जणांच्या घरी गॅस. त्यामुळं भट्टीचा धूर त्यांच्या ध्यानातच आला नाही. फॉर्मवर रकाना एकच, विडी-सिगारेटचा. रकान्यात विडी आणि पेटीतही विडी, असं जुळलं तर नाव पुढं. नाही जुळलं तर शेरा: माहिती विसंगत. आणि शनिवारी गाडी निघाली की नाव खोडलं.

शालनला ते नाव खोडू द्यायचं नव्हतं. तिची थोरली जाऊ सुमनअक्का गल्लीतल्याच एका भट्टीच्या तोंडाशी तीस वर्षं बसली होती. कधी पानही खाल्लं नाही बाईनं. दोन वर्षांमागं पाठ दुखते म्हणून दवाखान्यात गेली, तेव्हा गाठ लिंबाएवढी होती. दोन महिन्यांत संपली. तेव्हापासून रोज सकाळी तूस सारताना शालन एकदा खोल श्वास घ्यायची आणि कान देऊन ऐकायची, आत काही वाजतंय का.

जालिंदरचं नाव तर विडीवाल्यांच्या पहिल्याच यादीत होतं. त्यानं फुंकायलाच नकार दिला. "मला काय धाड भरलीय? खोकला म्हंजे भट्टीवाल्याचा दागिना."

त्या दुपारी त्यानं भाकरीचं ताट पुढं सरकवलं आणि विचारलं, "कधीपास्नं?"

"काय कधीपास्नं?"

"ओढतीस."

शालनच्या हातात चाळण होती. ती तिनं भिंतीवर अशी मारली, की दारातली मांजर पार हसीनाच्या पत्र्यावर गेली. "एकतीस वर्षं संसार केला, आन तुमचा इश्वास एका डबड्यावर?"

"डबडं कशाला खोटं बोलंल?"

"मग मी बोलते व्हय खोटं?"

जालिंदरनं तोंड फिरवलं. तेच जास्त लागलं. दोघं पाठीला पाठ करून बसले, आणि घरात नुसता चुरमुऱ्यांचा खारट वास तरंगत राहिला.

भांडण झालं तरी भट्टी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी उजाडतानाच कढई चढली. भट्टीची कामं वाटलेली असतात. जालिंदर वर, कढईपाशी. काळी वाळू लाल होईस्तोवर तापवायची, खारवलेला तांदूळ टाकायचा, दोन्ही हातांनी झारा मारायचा, आणि तांदूळ टपटप फुलला की डोळ्याचं पातं लवायच्या आत चाळणीवर घ्यायचा. शालन खाली, भट्टीच्या तोंडाशी. मुठीमुठीनं तूस फेकायचं, जाळ एकसारखा ठेवायचा. कढई एकदा तापली की जालिंदरच्या हाताला दुपारपर्यंत उसंत नाही.

"शालन," तो वरूनच गुरगुरला. अबोला होता, पण ही हाक अबोल्यात धरायची नसते.

शालननं कोनाड्यातून विडी काढली. चिमट्यानं निखारा उचलला, विडी ओठात धरली, दोन झुरके मारून पेटती केली, उठून जालिंदरच्या ओठात खोचली आणि परत तुसाकडं वळली. थोड्या वेळानं विडी विझली. विडी सिगारेटीसारखी नसते, तिला सारखी ओढावी लागते, आणि झारा मारणारा माणूस कधी ओढणार? शालन उठली, विडी काढून घेतली, निखारा, दोन झुरके, परत ओठात.

"काकू, हे काय केलंत?"

दारात तेजस्विनी उभी होती, हातात तो विसंगत फॉर्म घेऊन.

"काय केलं? विडी दिली ह्यास्नी."

"पेटवून दिलीत."

"मग? हात कुठं मोकळेत त्यांचं?"

"आणि काल म्हणालात, ओढत नाही."

"न्हाईच ओढत!" शालन उखडली. "पेटवणं म्हंजे ओढणं व्हय? उद्या म्हणशील चूल फुकली म्हणून तू जाळ खाल्लास."

तेजस्विनी उंबऱ्यावरच बसली. "काका, दिवसाला किती होतात?"

"पंदरा," जालिंदर म्हणाला.

"आणि एक विडी किती वेळा विझते?"

"असंल की... तीनदा तर पेटवतीच ती."

"पेटवताना झुरके दोन." तेजस्विनीची बोटं हलत होती. "दिवसाला नव्वद झुरके, काकू. नव्वद झुरक्यांत सहा विड्या होतात. एकतीस वर्षं तुम्ही रोज सहा विड्या ओढताय."

भट्टीत तूस तडतडलं. शालननं आपल्या हाताकडं पाहिलं, जणू तो हात शेजारणीचा होता. गल्लीतल्या साती भट्ट्यांवर बायका हेच करत होत्या. सुमनअक्काही थोरल्या दिरांना अशीच पेटवून द्यायची. कुणाच्याही मनात कधी आलं नव्हतं, की हे विडी ओढणं आहे. ते काम होतं, तूस सारण्यासारखं.

करपल्याचा वास आला. कढईतला सगळा घाणा काळा पडला होता. जालिंदर झारा धरून तसाच उभा होता, आणि त्याच्या ओठातली विडी आपोआप विझून गेली होती. त्यानं ती काढली, निखाऱ्यात टाकली.

"हिचा फोटू काढा," तो म्हणाला. "आजच्या आज काढा."

"काल चोर होते," शालन म्हणाली, "आज लगीच फोटू?"

"हुकमानं नाही काढता येत, काका," तेजस्विनी म्हणाली. "आता नाव पुढं जाईल. पण काढायचा का नाही, ते काकूंनीच ठरवायचं. आधी समजून घेऊन."

समजावून द्यायचा हा कार्यक्रम समितीनं आधी कागदावर केला होता. कागदावर हजार ठिपके. त्यातले इतके रंगवलेले म्हणजे इतकी माणसं वाचतात, इतक्यांना फुकटचा त्रास होतो. तो कागद भट्टी गल्लीत वाटला, तेव्हा बायकांनी ठिपके जोडून रांगोळ्या काढल्या. हसीनाच्या सुनेनं तर कमळ इतकं झ्याक काढलं, की ते अजून भिंतीवर आहे. मग समितीनं डोकं खाजवलं आणि हजारी आणली.

हजारी नगरपालिकेच्या शाळेच्या हॉलमध्ये होती. चपला बाहेर काढायच्या. सोबत एक माणूस नेता येतो. शालननं कुणाला नेऊ असं विचारलंही नाही. जालिंदर चप्पल काढून आधीच उभा होता.

आत पाऊल टाकलं, आणि हॉल नव्हताच. नदीकाठ होता. पायाखाली फरशीच होती, गार, पण डोळ्याला ओली वाळू दिसत होती. वर उजेड कुठून येतोय कळत नव्हतं. सगळीकडं दुधासारखं धुकं, आणि धुक्यात बायका. पाठमोऱ्या, सगळ्यांच्या अंगावर तिचंच हिरवं लुगडं, तिचाच अंबाडा, डाव्या खांद्याला तिचाच तो थोडा उतार.

"ह्या सगळ्या मीच?"

"तुमच्यासारख्या हजार जणी," तेजस्विनीचा आवाज मागून आला. "तुमचं वय, तुमचा धूर, तुमची छाती. लाखो लोकांच्या नोंदींवरून यंत्रानं मांडल्यात. मधे दोरी आहे बघा. दोरीच्या डावीकडं फोटो न काढणाऱ्या हजार. उजवीकडं त्याच हजार, पण फोटो काढणाऱ्या. आता दहा वर्षं जातील. हळूहळू बघा."

माणसाला स्वतःची पाठ कधी दिसत नाही. शालननं ती पहिल्यांदा पाहिली आणि तिला वाटलं, ही तर आईची पाठ. एक शालन जांभई देत होती. एक केसाची बट कानामागं सारत होती. एक वाकून वाळूत काहीतरी शोधत होती, सापडत नव्हतं म्हणून वैतागली होती. शालनला तिची दया आली. वाटलं, जाऊन मदत करावी.

मग वर्षं जायला लागली. आवाज नाही, घाई नाही. अंबाडे पिकत गेले, शेतावर दव पडावं तसे. इकडची एक खाली बसली, तिकडची एक बसली, आणि बसल्या बसल्या विरळ झाल्या. ओल्या भातावरची वाफ उन्हात जाते, तशा गेल्या. कुणी म्हातारपणानं, कुणी आणखी कशानं. पण काही जणी आधी छातीवर हात ठेवायच्या, मागं वळून बघायच्या, आणि मग जायच्या.

"त्या ह्या रोगानं," तेजस्विनी म्हणाली. "डावीकडं एकवीस. उजवीकडं अठरा."

"म्हंजे फोटूनं तीन वाचल्या."

"तीन."

"हजारात?"

"हजारात."

उजवीकडं आणखी काही चाललं होतं. अडीचशे जणी एकदम थबकल्या. प्रत्येकीच्या हातात चिठ्ठी. फोटोत काहीतरी ठिपका दिसलाय, परत या. त्या चिठ्ठी धरून उभ्याच राहिल्या, धुकं त्यांच्या गुडघ्यापर्यंत आलं, ओसरलं. मग चिठ्ठ्या विरघळल्या. काही नव्हतं. जुनी जखम, धुळीचा डाग. त्या चालायला लागल्या, पण बऱ्याच जणी चालताना मागं बघत होत्या. सात-आठ जणींच्या बरगडीला पट्टी होती. सुई घालून बघितलं होतं, उगीचच. आणि चौघी दमून बसलेल्या.

"ह्यांचं काय?"

"ह्यांची गाठ खरी होती. पण ती वाढलीच नसती कधी. औषधपाणी, कापाकापी, सगळं फुकट सोसलं."

"त्यास्नी ठाव हाय का हे?"

"नाही, काकू. त्यांना वाटतं आपण वाचलो. ते फक्त हजार मोजले तरच कळतं."

शालन त्या चौघींपुढं जाऊन उभी राहिली. चौघी तिच्याकडं बघून हसल्या. तिच्याच हसण्यानं.

इतका वेळ जालिंदर बायकांमधून फिरत होता, एकेकीच्या तोंडाकडं बघत. जत्रेत चुकलेल्या माणसाला शोधतात तसा. डावीकडची एक छातीवर हात ठेवून वळली, तेव्हा त्याच्यानं राहवलं नाही.

"शालन!"

हजार-हजार माना वळल्या. दोरीच्या इकडच्या, तिकडच्या, पिकल्या अंबाड्यांच्या, चिठ्ठ्या धरलेल्या, सगळ्या. त्याच्या शेजारची खरी शालनही वळली. जालिंदरनं हात पुढं केला, तो समोरचीच्या खांद्यातून आरपार गेला. ती त्याच्याकडं बघत बघत पातळ झाली आणि गेली.

"ह्यातली माझी कंची?" त्यानं तेजस्विनीला विचारलं. आवाज लहान झाला होता. "तेवढं सांग, बाई. माझी कंची?"

"ते नाही सांगता येत, काका. यंत्रालाही नाही कळत. म्हणून तर हजार दाखवायच्या."

जालिंदर ओल्या वाळूत बसला, म्हणजे गार फरशीवर. वर्षं त्याच्याभोवतीनं जात राहिली.

बाहेर आले तेव्हा शाळेच्या पायरीवर हसीना चपला घालत होती. तिनं फॉर्मवर विडी ओढते म्हणून सरळ लिहिलं होतं, त्यामुळं तिची हजारी सकाळीच झाली होती. "मी न्हाई म्हणून सांगितलं बाई," ती म्हणाली. "अडीचशे जणी चिठ्ठ्या घेऊन उभ्या, मला तर बघूनच घाम फुटला. माझा जीव उंदराएवढा. घोरानंच मरीन." तेजस्विनीनं तिचं 'नाही' लिहून घेतलं होतं, आणि एक शब्द बोलली नव्हती. नियमच तसा होता, आणि समितीचा तो एक नियम शालनला पटला.

हसीना गेल्यावर जालिंदर म्हणाला, "नगं काढू."

"आं?"

"फोटू. नगं."

"सकाळी तर आजच्या आज म्हणत हुता."

"सकाळी मला वाटलं, फोटू काढला की सपलं. काय न्हाई म्हणतील, आन माझ्या डोक्यावरचं उतरंल." तो पायरीवरचा खडा अंगठ्यानं रेटत होता. "आता काय निघालं तर? तर ते मीच दिलंय की तुला. रोज. हातानं बी न्हाई, तोंडानं."

शालनला राग आला. आणि कीवही आली, त्यामुळं राग जास्त आला. "अवो, छाती माझी हाय. तुमचं वझं उतरवायला मी फोटू काढत न्हाई, आन तुमचं वझं वाढंल म्हणून ऱ्हात बी न्हाई."

"मग?"

शालननं समोर पाहिलं. मैदानावर धुकं विरळ होत चाललं होतं, गाडीचं पांढरं टप दिसायला लागलं होतं.

"हसीना म्हणली, घोरानं मरीन. खरं हाय तिचं. तिला घोर न्हाई, ती कशाला इकत आणंल? पर मी दोन वर्सं घोरातच हाय. रोज सकाळी छाती ऐकते मी. तुमास्नी ठाव तरी हाय का?"

जालिंदरनं मान हलवली. नव्हतं ठाऊक.

"ती चिठ्ठी माझ्या हातात हायेच. फोटू न काढता आलीय. मग काढून तरी बघते. वाचल्या तर तीनच जणी वाचत्यात, म्हाईत हाय मला. पर त्या तिघी काय आभाळातनं पडल्या न्हाईत. त्या बी माझ्यासारख्याच दिसत हुत्या."

तेजस्विनीनं फॉर्म पुढं केला. शालननं सही केली, आणि पेन परत देताना म्हणाली, "तुझ्या त्या बारा शहाण्यास्नी सांग. फॉर्मात लिव्हा म्हणावं, विडी पेटवून देता का. आन धुराचा एक रकाना काढा. आन बाईला इचारताना नवऱ्याला जरा लांब हुबा करा."

"सांगते, काकू."

"सांगते न्हाई. लिव्हून घे."

तेजस्विनीनं लिहून घेतलं.

गाडीत उजेड निळसर होता. शालन फळीवर आडवी झाली, हात डोक्यामागं घेतले. तिच्याभोवती एक मोठं पांढरं कडं फिरायला लागलं, जात्यासारखं, पण आवाज अगदी हलका, लांबून नदी ऐकू यावी तसा. छतातून एका बाईचा आवाज आला. "खोल श्वास घ्या. धरा."

शालननं धरला. आणि तिला वाटलं, सगळ्यांनीच धरलाय. जांभई देणारीनं, वाळूत शोधणारीनं, चिठ्ठीवालीनं, त्या दमलेल्या चौघींनी. हजार बायका छाती भरून उभ्या, नदी थांबलेली, धुकं थांबलेलं, भट्ट्यांचा जाळसुद्धा जागच्या जागी. कोण कुठली, कुणाच्या वाट्याला काय, काही कळत नव्हतं. आणि त्या घडीला कळायची गरजही नव्हती. इतकं शांत तिला दोन वर्षांत वाटलं नव्हतं.

त्या शांततेत पत्र्यापलीकडून खोकला आला. लांबलचक, खडखडणारा, संपता न संपणारा. हजार खोकल्यांतून काढून दाखवला असता तिनं, असा तो खोकला. माणूस बाहेर उभा राहून तिच्याबरोबर श्वास धरायला गेला होता, आणि त्याला तो धरवला नव्हता.

"सोडा श्वास," छतातली बाई म्हणाली.

शालन सोडायचं विसरली. मग सोडला.

निकाल आठ दिवसांनी. पदर सारखा करत ती गाडीच्या पायऱ्या उतरली. आजूबाजूला पाहिलं. जालिंदर गाडीपाशी नव्हता. पलीकडं टेबलावर गल्लीतली ती पांढरी पेटी आणून ठेवली होती, आणि तिच्यापुढच्या रांगेत तो उभा होता. देवळात काढाव्या तशा चपला बाजूला काढून ठेवलेल्या, टोपी काखेत. तिला बघून त्याचं तोंड लाल झालं.

"बघतीस काय?" तो डाफरला. "गर्दी नव्हती, म्हणून थांबलो."

त्याच्या पुढं चौदा माणसं होती. शालन त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.